बाळसं कुणी नेलं?

या महिन्याच्या टपालात योगायोगानं तीन पत्रं अशी निघाली की तिन्हींचा विषय एकच: अंगावरची चरबी. एक पत्र हैदराबादच्या काचीगुड्याहून, एक नांदेडहून, तिसरं पुन्हा हैदराबादचंच, उप्पलहून. पत्रांवर नावं नाहीत. का नाही हे वाचल्यावर कळतंच, म्हणून आम्हीही विचारलेलं नाही.

प्रश्न : माझ्या ताईचा मुलगा मीच वाढवला. तो पाच वर्षांचा व्हायच्या आत ताई आणि भावजी दोघंही गेले. मुलाला जन्मापासून एचआयव्ही. २००८ साली, सहा वर्षांचा असताना त्याला गोळ्या सुरू झाल्या आणि अंथरुणाला खिळलेलं पोर अक्षरशः उठून पळायला लागलं. पण दोनेक वर्षांत त्याचे गाल बसले, हातापायांच्या काड्या झाल्या, पोट मात्र पुढं आलं. वजनकाट्यावर वजन बरोबर! शेजारणी म्हणायच्या जंत झालेत. कुणी माझ्या मागं म्हणायचं, मावशीच ती, आईसारखं थोडंच खायला घालणार. मी तूपभात, अंडी, केळी, नाचणीसत्त्व, सगळं करून पाहिलं, काही अंगी लागलं नाही. आता तो बावीस वर्षांचा आहे. बी.कॉम. झाला, तब्येत ठणठणीत आहे, पण चेहरा तसाच. मुलाखतीला गेला की समोरचा विचारतो, बरं नाही का? घरी येऊन मला म्हणतो, मावशी, माझे गाल कुणी नेले? त्याला काय सांगू? त्याच्या जुन्या पुस्तकाची झेरॉक्स सोबत जोडली आहे.
*एक मावशी, काचीगुडा*

उत्तर : मावशी, आधी मनातलं ओझं उतरवा. गाल तुमच्या स्वयंपाकामुळं गेलेले नाहीत. ते नेले गोळीनं, आणि मुलाला वाचवलं तेही त्याच गोळीनं.

तुम्ही पाठवलेली झेरॉक्स फार मोलाची निघाली. एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्राच्या, त्या हिरव्या पुस्तकात औषधाच्या रकान्यात तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत तीन खुणा आहेत. २००८ पासून ‘एसएलएन’. २०१२ पासून ‘झेडएलएन’. २०२१ पासून ‘टीएलडी’. मुलाच्या गालांची सगळी गोष्ट या नऊ अक्षरांत आहे. पहिल्या खुणेतला ‘एस’ म्हणजे स्टॅव्ह्युडीन. दुसरीतला ‘झेड’ म्हणजे झिडोव्ह्युडीन. दोन्ही एकाच घराण्यातली औषधं, आणि त्वचेखालची चरबी विरघळवण्याचा दोष या घराण्याला आहे. स्टॅव्ह्युडीनला फार, झिडोव्ह्युडीनला त्याहून कमी. तिसऱ्या खुणेत हे घराणंच नाही.

एचआयव्ही हा विषाणू आपला मजकूर आरएनएच्या लिपीत घेऊन येतो आणि आपल्या पेशीत शिरल्यावर तो डीएनएच्या लिपीत उतरवून घेतो. उतरवून घेणारा कारकून, म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचं विकर, तो सोबतच आणतो. हा कारकून एकेक मणी ओवत माळ करतो. स्टॅव्ह्युडीन हा त्या माळेतल्या थायमिडीन नावाच्या मण्याचा हुबेहूब नकली मणी. फरक एवढाच की त्याला पुढच्या बाजूला भोकच नाही. तो एकदा ओवला गेला की पुढचा मणी ओवता येत नाही, माळ तिथंच संपते आणि विषाणूची नक्कल अर्धवट राहते. ही युक्ती मुळात एचआयव्हीसाठी नव्हतीच. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये जेरोम हॉरविट्झ नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात असे नकली मणी कर्करोगावर चालतील म्हणून बनवले होते. कर्करोगावर ते चालले नाहीत, बरणीत पडून राहिले. १९८७ साली त्यातलंच झिडोव्ह्युडीन हे एचआयव्हीवरचं पहिलं मान्यताप्राप्त औषध ठरलं. स्टॅव्ह्युडीनला १९९४ साली परवानगी मिळाली.

अडचण अशी की नकली मण्याला फसणारा कारकून एकट्या विषाणूकडेच नाही. आपल्या प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात. त्यांना पेशीच्या चुली म्हणा हवं तर, कारण अन्नाची ऊर्जा तिथं होते. या चुलींचा स्वतःचा वेगळा, छोटासा डीएनए असतो आणि त्याची नक्कल करणारं विकर, पॉलिमरेज गॅमा, हे नकली मणी ओळखण्यात कच्चं आहे. गोळी रोज दोन वेळा, वर्षानुवर्षं. हळूहळू चुलींचा डीएनए घटत जातो, चुली विझत जातात. त्वचेखालच्या चरबीच्या पेशींना हे फार लवकर भोवतं. त्या आक्रसतात, मरतात. गाल, कानशिलं, दंड, मांड्या, बसायची जागा, सगळीकडून भराव निघून जातो आणि हातापायांच्या शिरा दोरीसारख्या वर येतात. याला वैद्यकाच्या भाषेत लायपोडिस्ट्रॉफी म्हणतात. १९९८ साली सिडनीच्या अँड्र्यू कार आणि डेव्हिड कूपर यांनी प्रौढ रुग्णांमध्ये तिचं सविस्तर वर्णन केलं, आणि मग मुलांचे डॉक्टरही टेप घेऊन मुलांचे दंड मोजायला लागले.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: ‘वजनकाट्यावर वजन बरोबर’. मुलांच्या बाबतीत फसगत होते ती इथंच. वाढत्या वयात उंची वाढते, हाडं आणि स्नायू वाढतात. तिकडं वाढलेलं इकडं गेलेल्या चरबीची भरपाई करतं आणि काटा सरळ राहतो. काट्याला चरबी कळत नाही. ती कळते चिमट्याला. माझ्या एका आहारतज्ज्ञ मैत्रिणीनं हा प्रकार माझ्यावरच करून दाखवला. कोपर वाकवायला लावून तिनं खांद्याच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंत टेप लावली, बरोबर मधोमध बॉलपेननं रेघ मारली, मग हात सैल सोडायला सांगितला. रेघेच्या जरा वर, दंडाच्या मागच्या बाजूला, अंगठा आणि तर्जनीत त्वचेची घडी स्नायूपासून सोडवून उचलली आणि तिथं कॅलिपरची दोन तोंडं लावली. दोन सेकंद थांबून काटा वाचला. (आकडा सांगत नाही. घडी दणदणीत होती.) हैदराबादेत ही मोजमापं शिकायची तर तारनाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था, कुन्नूरहून १९५८ साली ती इथं आली तेव्हापासून मुलांचे दंड आणि घड्या मोजण्यात तिची हयात गेली आहे. याहून अचूक म्हणजे डेक्सा यंत्र. ते हात, पाय आणि धड यांतली चरबी वेगवेगळी दाखवतं.

तरी मावशी, या सगळ्याआधी तुमच्यासारख्या बायकांना ते कळलेलं असतं. शाळेची अर्धी चड्डी कमरेला घट्ट आणि मागं ढगळ व्हायला लागली, पोरगं बाकावर बसताना कुशी बदलायला लागलं कारण खालची गादीच गेलेली, हे शिंप्याला आणि मावशीला डॉक्टरच्या आधी दिसतं. तुम्ही तेव्हा सेंटरवर सांगितलंही असेल. त्या रांगेत, त्या गर्दीत, ‘वजन बरोबर आहे’ एवढंच उत्तर मिळालं असेल.

आता पोटाचं. चरबी जाण्याबरोबर काहींच्या पोटात, मानेच्या मागं किंवा छातीवर ती साठते. त्यात जुन्या प्रोटीज इन्हिबिटर जातीच्या औषधांचा हात असतो, पण ती न घेतलेल्यांतही पोट पुढं आलेलं दिसतं. हातापायांच्या कणग्या फुटल्या की धान्य जाणार कुठं? काही पोटाच्या आत आतड्यांभोवती साठतं, काही यकृतात, आणि बाकीचं ट्रायग्लिसराइड होऊन रक्तात फिरत राहतं. म्हणून तुमचं तूप गालावर चढलं नाही. फुटक्या कणगीत कितीही ओतलं तरी ते तिथं राहत नाही. ‘खाल्लेलं अंगी लागत नाही’ हा वाक्प्रचार आपण किती सहज वापरतो. तुमच्या घरात तो शब्दशः खरा झाला.

मग असं औषध लहान मुलांना दिलंच का, असा राग येणं साहजिक आहे. मलाही आला होता. पण तेव्हाचं गणित पाहा. उपचार मिळाले नाहीत तर एचआयव्ही घेऊन जन्मलेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी बाळं दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. आपल्याकडं सरकारी खर्चानं एआरटी सुरू झालं १ एप्रिल २००४ ला, आणि मुलांसाठीचा खास कार्यक्रम आला नोव्हेंबर २००६ मध्ये. त्याआधी मोठ्यांची गोळी सुरीनं अर्धी करून, पाव करून मुलांना द्यायचे, आणि कोणत्या तुकड्यात कुठलं औषध किती गेलं ते देवालाच ठाऊक. मुंबईच्या सिप्लानं २००१ साली तीन औषधांची एकत्र गोळी वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली आणि जगभरचे भाव कोसळले. त्या गोळीत स्टॅव्ह्युडीनच होतं. ते स्वस्त होतं, आणि गोळीच्या रूपात त्याला फ्रिज लागत नव्हता. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते रक्त कमी करत नव्हतं. झिडोव्ह्युडीननं हिमोग्लोबिन उतरतं, आणि आपल्या मुलांचं हिमोग्लोबिन आधीच तळाला. तालुक्याच्या गावी महिन्या-महिन्याला रक्त तपासायची सोय नाही. अशा वेळी डॉक्टर ‘एस’ लिहायचे. मला विचाराल तर २००८ साली तुमच्या भाच्याला ते दिलं हे बरोबर झालं. पुढं ते लवकर थांबायला हवं होतं हेही तितकंच बरोबर. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ पासूनच त्यातून बाहेर पडा म्हणायला सुरुवात केली होती, २००९ मध्ये टप्प्याटप्प्यानं बंद करा असं स्पष्ट सांगितलं, आणि आपल्याकडं २०१२ च्या सुमारास पुस्तकातला ‘एस’ पुसला गेला. मधली वर्षं पोरांच्या गालांवर गेली.

आता गाल परत येतील का? थोडे येतात, आणि फार सावकाश. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात प्रौढ रुग्णांचं स्टॅव्ह्युडीन किंवा झिडोव्ह्युडीन काढून दुसरं औषध दिलं, तर सहा महिन्यांत हातापायांची चरबी सरासरी ४०० ग्रॅमच वाढली. यंत्रावर ती दिसली, आरशात नाही. तुमच्या भाच्याच्या बाबतीत २०१२ नंतरही नऊ वर्षं ‘झेड’ चालू होता, म्हणजे भरून येण्याचा खरा काळ २०२१ पासूनच मोजायला हवा. दंड-मांड्या भरतील, गालाची आशा त्या मानानं कमी. गालाच्या आत चरबीची एक स्वतंत्र गादी असते, बिशा नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाच्या नावानं ती ओळखली जाते, आणि तान्ह्या बाळाला दूध ओढताना गाल आत जाऊ नयेत म्हणून ती कामाला येते. ती एकदा झिजली की तूप खाऊन परत येत नाही.

ज्याला चेहऱ्याचाच त्रास आहे त्याच्यासाठी वेगळा मार्ग आहे. पॉलि-लॅक्टिक आम्लाची इंजेक्शनं त्वचेखाली देऊन गाल भरतात. नेमक्या याच कारणासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ साली त्यांना परवानगी दिली. स्वतःच्या पोटावरची चरबी काढून गालात भरण्याचीही पद्धत आहे. दोन्ही महाग, आणि पहिली काही काळानं पुन्हा करावी लागते. बावीस वर्षांच्या मुलाला हे हवंसं वाटलं तर त्यात थिल्लरपणा काही नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडं जाताना टीएलडीचं पुस्तक सोबत न्यायचं. गल्लीतल्या जिममध्ये मिळणारी वजन वाढवायची पावडर मात्र सेंटरच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. अनेक पावडरींत कॅल्शियम आणि लोह असतं आणि ते डोल्युटेग्रॅव्हिरला, म्हणजे ‘टीएलडी’मधल्या ‘डी’ला, पोटातच धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाचं तर नावच नको. वर्षातून एकदा साखर आणि लिपिड तपासून घ्यावं, कारण फुटक्या कणग्यांचा हिशेब तिथं निघतो.

मुलाखतीचं म्हणाल तर कायदा त्याच्या बाजूनं आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी देताना एचआयव्हीची चाचणी मागता येत नाही आणि त्याचं निदान त्याच्या संमतीशिवाय कुणी उघड करू शकत नाही. ‘बरं नाही का?’ या प्रश्नाला ‘नाही, मी असाच आहे’ एवढं उत्तर पुरे. आपल्याकडं बारीक माणसाला ‘पाप्याचं पितर’ म्हणायची रीत आहे. तुमच्या भाच्याला ते ऐकताना काय वाटत असेल याचा विचार करून मी तो शब्द या महिन्यापासून टाकला.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही ओझरतं लिहिलं होतं की एचआयव्हीच्या काही जुन्या औषधांनी अंगावरची चरबी झडते. मी निवृत्त विज्ञानशिक्षक. वजन ९१ किलो, डॉक्टर रोज रागावतात. माझा भाबडा प्रश्न असा की मग हेच औषध आमच्यासारख्या लठ्ठांना का देत नाहीत? रोज सकाळी गोदाकाठी चालण्यापेक्षा एक गोळी बरी!
*एक वाचक, नांदेड*

उत्तर : सर, प्रश्न भाबडा अजिबात नाही. या प्रश्नानं चरबीबद्दलचं वैद्यकाचं मतच बदललं. विद्यार्थ्यांना तुम्हीही कधीतरी शिकवलं असेल की चरबी म्हणजे साठवण, शरीराची अडगळीची खोली. ती खोली रिकामी झाली की घर हलकं होईल असं वाटतं. होतं भलतंच.

ब्राझीलमध्ये १९५४ साली बेरार्डिनेली या डॉक्टरांनी आणि नॉर्वेत १९५९ साली साइप यांनी अशी मुलं नोंदवली की ज्यांच्या अंगावर जन्मतःच चरबी जवळजवळ नसते. स्नायू पहिलवानासारखे कोरलेले दिसतात, शिरा उठून दिसतात. चरबी नाही म्हणजे लठ्ठपणाचे आजार नाहीत असं आपण म्हणू, पण या मुलांना मधुमेह होतो, यकृत चरबीनं सुजतं, रक्त ट्रायग्लिसराइडनं दुधाळ होतं. लठ्ठ न होता लठ्ठांचे सगळे आजार. चरबीला तिची खोली मिळाली नाही की ती स्वयंपाकघरात, माजघरात, देवघरात पसरते. शिवाय चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक बनवतात आणि मेंदूला सांगतात की साठा पुरेसा आहे, आता ताट सरकव. जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेनं ते १९९४ साली शोधलं. चरबीच नसेल तर हा निरोप जात नाही आणि भूक भागत नाही. २०१४ पासून अमेरिकेत या रुग्णांना लेप्टिनच औषध म्हणून देतात. चरबी ही ग्रंथी आहे, सर. वरच्या पत्रातल्या मुलाचं जे गेलं ते सजावट नव्हतं.

आणि तुमच्या कल्पनेतली गोळी खरोखर विकली गेली आहे. १९३३ साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी डायनायट्रोफिनॉल हे रसायन वजन कमी करायला वापरलं. तेही तंतुकणिकांवरच घाला घालतं: चूल पेटलेली, पण भांडं चढवलेलं नाही, सगळी ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. वजन झपाट्यानं उतरलं. मग मोतीबिंदू आले, ताप चढून माणसं गेली, आणि १९३८ साली ते बंद झालं. घाटावरचं चालणं सोडू नका.

जाता जाता एक गोष्ट तुमच्या मराठवाड्यातल्या वर्गासाठी. आपली माणसं बारीक दिसली तरी आतून चरबीची असतात, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी नवजात बाळांत दाखवलं. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळाचं पोट लहान, दंड बारीक, स्नायू कमी. पण पाठीवर खवाट्याखालच्या घडीत चरबी मात्र जवळपास राखलेली. अशा देहाला मधुमेहाचा ओढा आधीच असतो. त्यावर हातापायांची चरबी पळवणारं औषध पडलं तर काय, हा आपल्याकडच्या डॉक्टरांचा काळजीचा विषय त्यामुळंच वेगळा. प्रौढांमध्ये पहिल्या फळीच्या औषधांनी होणारे हे बदल पुण्याच्याच डॉ. संजय पुजारी आणि सहकाऱ्यांनी २००५ साली मांडले, आणि त्यानंतर ‘हे गोऱ्यांच्या देशातलं दुखणं’ असं म्हणायची सोय राहिली नाही.

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची. जन्मापासून पॉझिटिव्ह. आम्ही तिला ‘ताकदीची गोळी’ म्हणून देतो. पाण्यात विरघळते, स्ट्रॉबेरीचा वास येतो, ती आनंदानं पिते. व्हायरल लोड सापडत नाही इतका कमी आलाय. पण दोन वर्षांपूर्वी गुटगुटीत होती, आता गाल उतरलेत आणि पाय लांबुळके दिसतात. सेंटरवर बाहेर बसलेल्या एका बाईंनी सांगितलं, या गोळ्यांनी मुलांची चरबी जाते. गोळी बंद करावी का?
*एक आई, उप्पल*

उत्तर : गोळी बंद करू नका. एक दिवससुद्धा नको. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचा.

त्या बाई खोटं बोलल्या नाहीत. त्यांनी पाहिलेल्या गोळ्या वेगळ्या होत्या, त्यांची हकीकत वरच्या पहिल्या पत्रात आहे. तुमच्या वर्णनावरून मुलीची गोळी डोल्युटेग्रॅव्हिरची, १० मिलिग्रॅमची विरघळणारी. ती २०२० च्या अखेरीस आली आणि तिची किंमत मुलामागं वर्षाला ४० डॉलरच्या आत आणण्यात आली. त्याआधी या वयाच्या मुलांना लोपिनाविरचं सरबत द्यायचे. ते कडूजहर, त्यात ४० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल, आणि फ्रिज हवा. हैदराबादच्या मे महिन्यात, तासन्तास वीज गेलेली असताना, ते सांभाळणाऱ्या आयांना विचारा. रक्तातली ट्रायग्लिसराइडं वाढवायचं ते निराळंच. आता तर तीन औषधं एकाच विरघळणाऱ्या गोळीत बसवली आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाची प्राथमिक मान्यता मिळालेली अशी एक गोळी आपल्याच गावच्या ऑरोबिंदो कंपनीची. जगातल्या कितीतरी मुलांच्या एचआयव्हीच्या गोळ्यांवर हैदराबादचा पत्ता असतो, हे आपल्या गावाला फारसं माहीत नाही.

या गोळीनं गाल उतरत नाहीत. ‘ओडिसी’ नावाच्या मोठ्या चाचणीत, २०२१ साली तिचे निष्कर्ष आले, आफ्रिका, थायलंड आणि युरोपातल्या ७०० हून अधिक मुलांना पाहिलं. डोल्युटेग्रॅव्हिर घेणाऱ्या मुलांचं वजन पावणेदोन-दोन वर्षांत दुसऱ्या औषधवाल्यांपेक्षा किलोभरानं जास्त भरलं, आणि उंचीही जरा जास्त वाढली. प्रौढांमध्ये, विशेषतः बायकांमध्ये, या औषधानं वजन जास्तच वाढतं, ही तक्रार खरी आहे. म्हणजे काळजी असलीच तर ती उलट्या बाजूची, आणि तीही अजून बऱ्याच वर्षांनंतरची.

मग गाल का उतरले? कारण ती सहा वर्षांची झाली. माणसाचं बाळ हे प्राणिजगतातल्या सगळ्यात गुबगुबीत बाळांपैकी एक. पहिल्या वर्षात ते बाळसं धरतं, मग रांगतं, चालतं, पळतं, आणि चरबी ओसरत जाते. पाच-सहा वर्षांच्या सुमाराला मुलं सगळ्यात सडपातळ दिसतात. तिथून पुन्हा हळूहळू भरायला लागतात. शेजारच्या पहिलीतल्या कुठल्याही पोरीचा तिसऱ्या वाढदिवसाचा फोटो पाहा, तिचेही गाल उतरलेले दिसतील. फरक ओळखायची खूण अशी: वाढीत उतरलेलं मूल सगळीकडून सारखं उतरतं आणि त्याचं पोटही सपाट होत जातं. औषधानं उतरलेलं मूल गाल आणि हातपाय यांतून झडतं, पोट मात्र तसंच राहतं किंवा वाढतं, आणि दंडावरच्या शिरा दिसायला लागतात.

तरी एक गोष्ट करा. दर वाढदिवसाला बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये, एकाच भिंतीपुढं, समोरून आणि बाजूनं असे दोन फोटो काढून ठेवा, मागं तारीख लिहा. पुढं कधी शंका आली तर डॉक्टर पहिल्यांदा जुने फोटोच मागतात. पुढच्या खेपेला रेड हिल्सच्या नीलोफर रुग्णालयात जाणं झालं, तिथं मुलांच्या एचआयव्हीचं विभागीय केंद्र आहे, तर वजनाबरोबर दंडाचा घेरही लिहून घ्यायला सांगा. टेप त्यांच्याकडं असते. गर्दीत विसरले तर तुमच्या पर्समध्ये असू द्या, शिंप्याची चालेल.